एक माणूस, एक नाव

"ह्यातले चार माझे, तीन तिचे," म्हातारबाई म्हणाल्या आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

"कुणाचे?" मी विचारलं.

"सुवर्णप्रभाचे."

"अहो, पण सुवर्णप्रभा तुम्हीच ना?"

"मी पण," त्या म्हणाल्या. "साखर जरा बेतानं घालत जा गं. चहाचं सरबत करून ठेवलंयस."

माझ्या घरात बसून माझ्याच चहाला नावं ठेवणाऱ्या या बाई म्हणजे सुवर्णप्रभा सरनाईक, जुन्या मराठी सिनेमातल्या नटी. त्या हयात आहेत आणि आमच्याच कोल्हापुरात आहेत, हे आम्हाला काही दिवसांपूर्वीपर्यंत ठाऊकही नव्हतं. आम्हाला म्हणजे आमच्या रिकामटेकड्यांच्या कंपूला.

त्याचं असं होतं की मी तेव्हा एका दैनिकात मुद्रितशोधक होते. दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून जीव भरत नव्हता म्हणून की काय, उरलेल्या वेळात मी आणखी एक बिनपगारी उद्योग मागे लावून घेतला होता. इंटरनेटवर जुन्या सिनेमांचा एक सामायिक संग्रह होता. कुणीही यावं, आपल्याला ठाऊक असलेली माहिती भरावी. मराठीचा भाग आम्ही पाच-सहा जण सांभाळायचो आणि आमचं मुख्य काम म्हणजे नावं जुळवणं. एकाच नटाला कुणी बाबूराव लिही, कुणी बाबुराव, कुणी मास्टर बाबू. आपल्याला कळतं की माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी ते तिघे. आम्ही त्या तिघांना धरून आणायचो आणि एक करायचो.

आमचे म्होरके डोंबिवलीचे उकिडवे सर. रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचा. "एक माणूस, एक नाव" हा त्यांचा मंत्र. आणि ते नाव कुठलं, तर सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर जे येतं ते. मागचं-पुढचं सौ., कुमारी, देवी, बाई हे सगळं छाटून.

सुवर्णप्रभाबाई आमच्याकडे चार ठिकाणी विखुरल्या होत्या. सुवर्णप्रभा, सुवर्णप्रभादेवी, सौ. सुवर्णप्रभा, सुवर्णप्रभा सरनाईक. जुन्या जाहिराती आणि पोस्टरं धुंडाळून आम्ही त्यांना एका पानावर आणलं. सात सिनेमे! मला कोण आनंद झाला होता. पुढे गावातल्या एका फिल्म सोसायटीला 'मानकरीण' या सिनेमाची प्रत सापडली. त्या सातांतला तेवढा एकच शिल्लक राहिलेला. सोसायटीनं आमचं पान वाचून बाईंचा शोध घेतला आणि 'मानकरीण'च्या खेळाला त्यांचा सत्कार ठरवला. माहिती कुणी गोळा केली म्हणून बाईंनी विचारलं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्यांना माझा पत्ता दिला.

मला वाटलं होतं, बाई शाबासकी द्यायला आल्यात.

"आक्का," मी म्हटलं. त्यांच्या गल्लीत त्यांना सगळे आक्काच म्हणत. "मला नीट सांगा बघू."

आक्का आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तशा पुल्लिंगात बोलायच्या. म्हणाल्या, "मी सांगतो, तू मधे बोलू नको. माझं नाव गोदावरी. आम्ही गडहिंग्लजचे चौगुले. मालकांची पहिली बायको सुवर्णप्रभा. 'मानकरीण' तिचा. आणखी दोन तिचे. बाळ दीड वर्षाचा असताना ती काविळीनं गेली. मग मला दुसरेपणावर दिली. मालकांच्या सिनेमा कंपनीच्या पाटीवर सुवर्णप्रभा, पोस्टरवर सुवर्णप्रभा, गावोगावच्या थेटरवाल्यांच्या तोंडात सुवर्णप्रभा. लग्नात मालकांनी अंगठीनं तांदळात माझं नवं नाव काढलं, तेबी तेच. माझ्या आईला वाटलं, गडबडीत चुकले. म्हणाली, जावईबापू, हे तर पहिलीचं. ते म्हणाले, हेच."

"आणि तुम्हाला पडद्यावर आणलं?"

"आणलं म्हणजे, उभंच केलं. त्याच नावानं चार पिक्चर काढले."

"पण लोकांना चेहरा कळला नाही?"

"जवळच्यांना कळला. लांबच्यांनी नथ बघितली, अंबाडा बघितला, नाव वाचलं. कुणाला फरक वाटला तर म्हणायचे, पोर झाल्यावर अंगानं भरली." आक्का हसल्या, पण लगेच थांबल्या. "माझे चारी पिक्चर गेले गं. मालकांनी पडत्या काळात रिळं विकून टाकली, त्यातली चांदी काढायला. आता जो भेटतो तो 'मानकरीण'चं कौतुक करतो. किती झोकात चालला होता म्हणे तुम्ही त्या जत्रेत! मी आपला मान डोलवतो. माझ्या कामाला कधी कुणी वाईटसुद्धा म्हटलं न्हाई. आता तर तुम्ही छापूनच टाकलंय. मरायच्या आत माझे चार माझ्या नावावर लाव."

"तुमच्या नावावरच आहेत की हो!" मी म्हणून गेले.

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाइल उचलला.

उकिडवे सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुरावा?"

"सर, त्या स्वतः सांगतायत."

"नेजदारबाई, मागे एक गृहस्थ स्वतः सांगत होते की त्यांच्या आजोबांनी पहिला बोलपट काढला. घेतला का आपण? छापील आधार आणा. नसेल तर त्या वेळी हजर असलेला दुसरा माणूस आणा. एकट्याच्या शब्दावर आपण कुणाला जोडत नाही आणि कुणाला तोडतही नाही."

मला राग आला, पण बोलणार काय? ते म्हणत होते ते अगदी बरोबर होतं. तो नियम करताना मीच दोन्ही हात वर करून पाठिंबा दिला होता.

आता हजर असलेला माणूस आणायचा कुठून? दिग्दर्शक गेले, कॅमेरावाले गेले, रंगभूषेचे मामा गेले. आक्का बोटांवर एकेकाला मोजत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "'हळदीचा माळ' मधे माझ्या कडेवर पोरगं हाय. आमचा बाळच तो. चार वर्षांचा होता. त्याला आठवतंय सगळं. पण तो बोलायचा न्हाई."

"का?"

"तूच विचारून बघ."

बाळ म्हणजे बाळासाहेब सरनाईक, साठीला टेकलेले, डोक्यावर पांढरं रान. उद्यमनगरात त्यांचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. मी गेले तेव्हा ते मशीनवर वाकले होते. मी विषय काढला मात्र, त्यांनी मशीन बंद केलं आणि हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरसुद्धा.

"माझ्या आईचं नाव सुवर्णप्रभा सरनाईक," ते म्हणाले. "शाळेच्या दाखल्यावर तेच, लग्नपत्रिकेवर तेच. दोन आया मी कुठनं काढू?"

"तसं नाही हो. आक्कांनीच मला—"

"मला ठाऊक हाय तिनं सांगितलंय ते. बाई, तुम्हाला एक सांगू का? शाळेत एक पोरगं मला सावत्रआईचा म्हणालं, त्याचं डोकं मी पाटीनं फोडलं. आमची हिनं लग्न होऊन आल्यावर एकदा 'तुमच्या खऱ्या आई' असा शब्द काढला, मी महिनाभर तिच्याशी बोललो न्हाई. आमच्या घरात पहिलीचा फोटो न्हाई. मीच लावू दिला न्हाई. का, तर आईला वाईट वाटू नये. आणि आता तुम्ही म्हणता, मी तोंडानं सांगू, ही माझी आई न्हवं?"

"आई नव्हे असं नाही. फक्त 'मानकरीण' मधली बाई ही नव्हे, एवढंच."

"एकच झालं की ते!" ते म्हणाले. "त्यातली बाई कोण मग?"

मी परत आले आणि आक्कांना सांगितलं की हात टेकले. आक्का म्हणाल्या, "तू बस गप. त्याला मी बघतो."

काय बघितलं ते मला नंतर बाळासाहेबांनीच सांगितलं. आक्कांनी भांडण काढलं नाही, अबोला धरला नाही, जेवण सोडलं नाही. त्या फक्त त्यांना "अहो बाळासाहेब" म्हणायला लागल्या. "अहो बाळासाहेब, जेवायला या." "अहो बाळासाहेब, आपलं पाणी तापलंय." नातवंडं फिदीफिदी हसायची. बाळासाहेबांनी आठवडाभर दम धरला आणि मग ते रडकुंडीला आले.

"आई, अहोजाहो करू नको," ते म्हणाले.

"मग मी कोण हाय ते सांग जा त्यांना," आक्का म्हणाल्या.

अखेर एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी मोबाइल घेऊन गेले. बाळासाहेब नवा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, पुढे यायला तयार होईनात. मी रेकॉर्डिंग चालू केलं.

"माझं नाव जयसिंग दाजीसाहेब सरनाईक. मला जन्म दिलेली आई मी दीड वर्षाचा असताना वारली. 'मानकरीण' मधे काम केलं ते तिनं. वडिलांनी नंतर लग्न केलं. ती ही. हिनं..." ते थांबले. दाराकडे बघायचं टाळून त्यांनी खालच्या फरशीकडे बघितलं. "हिनं मला जन्म दिलेला न्हाई. 'हळदीचा माळ' मधे हिच्या कडेवर मी हाय. झालं का?"

"झालं," मी म्हटलं. असं काही आपण एखाद्याकडून वदवून घ्यावं आणि तेही सिनेमाच्या एका नोंदीसाठी, हे मला त्या क्षणी फार विचित्र वाटलं. पण आक्कांचा चेहरा इतका उजळला होता की बोलायची सोय नव्हती. त्यांनी मुलाच्या पानात दोन जास्तीच्या पोळ्या वाढल्या. बाळासाहेबांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या आणि जेवण होताच ते वर्कशॉपला निघून गेले. रविवार असूनही.

साक्ष ऐकून उकिडवे सरांचाही आवाज मऊ झाला. "करा वेगळं," ते म्हणाले. "माझी पूर्ण संमती."

दोन नावांचं एक करायला आमच्याकडे एक बटण होतं. एकाचे दोन करायला मात्र बटण नव्हतं. एकेक सिनेमा उचलायचा, नवी नोंद काढायची, भूमिका, वर्षं, दिग्दर्शक सगळं पुन्हा जोडायचं. मी ते मन लावून केलं. शेवटचा 'हळदीचा माळ' लावला, जतन करा म्हटलं आणि पान उघडून बघितलं. वर लिहिलं होतं: सुवर्णप्रभा (२).

एकाच नावाची दोन माणसं झाली की संगणक नंतरच्या माणसापुढे आपोआप आकडा टाकायचा. आजवर डझनभर लोकांना त्यानं आकडे लावले होते आणि मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. मी तो खोडला, तो परत आला. पुन्हा खोडला, पुन्हा आला.

"सर, हा दोन काढा," मी फोनवर म्हटलं.

"तो आपल्या हातात नाही, नेजदारबाई. सगळ्या भाषांना तीच यंत्रणा."

"मग गोदावरी लावू? गोदावरी चौगुले?"

"पडद्यावर गोदावरी होतं का?"

"नव्हतं."

"सौ. सुवर्णप्रभा?"

"सर, सौ. आपणच छाटतो."

सर म्हणाले, "मी त्या यंत्रणावाल्यांना लिहितो." आणि त्यांनी खरंच लिहिलं, दोनदा लिहिलं, आपल्या स्वभावाविरुद्ध गयावया करून लिहिलं. उत्तर आलं की नियम सर्वांना सारखा आहे, सहकार्याबद्दल आभार. हा मनुष्य आयुष्यभर नियमानं चालला आणि एकदा नियमाबाहेर काही मागायला गेला, तर समोर बोलायला माणूसच नव्हता.

दरम्यान आक्का पान बघायला आल्या. मी त्यांना टाळायचा प्रयत्न केला होता, पण त्या रिक्षा करून दारात उभ्या. चष्मा लावून त्या पडद्याजवळ वाकल्या. चारी सिनेमांची नावं त्यांनी बोट लावून वाचली. एकेका नावावर त्यांचं बोट जरा थांबत होतं. मग बोट वर गेलं.

"हे काय?"

"तो आपोआप येतो, आक्का. एकाच नावाच्या दोघी झाल्या ना, म्हणून ओळखू यायला."

"दोन म्हणजे दुसरी?"

"तसा अर्थ नाही त्याचा."

"मग कसा हाय?"

मी यंत्रणा, नियम, सगळ्या भाषा असं काहीबाही सांगत राहिले. आक्का ऐकत होत्या, पण माझं नव्हे.

"मी लग्न होऊन आलो तवा आमच्या आत्यासासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, ही सुवर्णप्रभा, दुसरी. नाव तेच दिलेलं, त्यामुळे पुढं दुसरी म्हटल्याबिगर कुणाला कळायचंच न्हाई. थेटरवाला यायचा, त्याला सांगायचे, दुसरी आता हिरॉइन हाय. सगळी म्हणायची. मालकसुद्धा. एका आमच्या बाळानं तेवढं कधी म्हटलं न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "त्याच्या तोंडून मी परवा ते काढून घेतलं. कशासाठी, तर ह्या आकड्यासाठी?"

माझे डोळे भरून आले.

"पूर्वीसारखं कर," त्या म्हणाल्या.

"आक्का, थोडं थांबा. सरांनी पत्र लिहिलंय."

"पूर्वीसारखं करता येतं का न्हाई?"

"येतं."

"किती वेळ लागतो?"

"लागत नाही," मी म्हटलं. "एक बटण आहे."

"मग दाब."

मी दाबलं. खात्री आहे का, असं संगणकानं विचारलं. आक्कांनी ते वाचलं आणि मान हलवली. पान पुन्हा उघडलं तेव्हा सुवर्णप्रभा एकटी होती आणि खाली सात सिनेमे. आक्कांनी मला बाळासाहेबांचं रेकॉर्डिंगही पुसायला लावलं. मी माझ्याकडचं पुसलं, उकिडवे सरांनी त्यांच्याकडचं पुसलं. पण बोललेलं बोलून झालं होतं. बाळासाहेब तेव्हापासून घरात कमी बोलायला लागले होते. आईसमोर जेवायला बसले तरी नजर ताटात असायची. आक्कांनी हे मला जाताना दारात सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात ह्याला बटण न्हाई ना?"

सत्काराच्या संध्याकाळी नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. आधी 'मानकरीण' दाखवला. जत्रेचा प्रसंग आला तसं मी आक्कांकडे बघितलं. त्या पहिल्या रांगेत बसून पडद्यावरच्या बाईकडे एकटक बघत होत्या, एखादी मोठी जाऊ काम करताना धाकटी बघत असते तशा. शेजारी बाळासाहेब होते. त्यांनी आपल्या जन्मदात्या आईला हलताना-बोलताना बहुधा पहिल्यांदाच बघितलं असावं, पण ते बराच वेळ जमिनीकडेच बघत बसले होते.

दिवे लागले. आक्कांना हात धरून मंचावर नेलं, शाल घातली, श्रीफळ दिलं. निवेदक होता हौशी. त्यानं आमच्या पानावरचं सगळं वाचून दाखवलं, सातही सिनेमे, आणि मग माइक त्यांच्यापुढे धरला. "आक्का, 'मानकरीण'ची एखादी आठवण सांगा ना!"

आता या काय बोलणार? यांना तर त्या सिनेमाचं शूटिंगही ठाऊक नाही. सगळं सांगून टाकणार, की नेहमीसारखी मान डोलवणार? बाळासाहेब खुर्चीत अवघडून बसले. त्या सिनेमाचं साल आणि त्यांच्या जन्माचं साल एकच होतं, हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आक्कांनी माइक हातात घेतला. प्रेक्षकांकडे त्यांनी बघितलंच नाही. पहिल्या रांगेतल्या आपल्या मुलाकडे बघून त्या म्हणाल्या, "जत्रेतलं ते चालणं तुम्ही बघितलं न्हवं? ते मला फार जड गेलं. तवा बाळ माझ्या पोटात होता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळासाहेबांनी वर बघितलं.